खोकं वाढलं, वाट तेवढीच

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी हिशेब विभागात होतो. ऑफिसच्या भिंतीत नेटवर्कचे पोर्ट दोन आणि जोडायची यंत्रं सात: हिशेबाचे तीन संगणक, स्टोअरचा एक, वजनकाट्याचा एक, प्रिंटर आणि हजेरीचं यंत्र. कुणीतरी आठ पोर्टांचा जुना हब आणून मेजाखाली ठेवला. सगळी यंत्रं जोडली गेली. पण संध्याकाळी हिशेबाच्या फायलींची नक्कल एका संगणकावरून दुसऱ्यावर चढू लागली, की वजनाची पावती लवकर निघेना. गेटवर ट्रकांची रांग लागे आणि बोलणी आम्ही खात असू. आम्ही जागेची अडचण समजत होतो. ती वाटेची होती. हा फरक पुढे त्याचा इतिहास वाचताना उमगला.

थोड्या तारांवर पुष्कळ माणसं भागवण्याचा प्रश्न आधी टेलिफोनचा. 1984 साली स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संस्थेने ग्रामीण भागासाठी 128 पोर्टांचं एक्स्चेंज तयार केलं. त्यातलं पहिलं 1986 साली बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला बसलं. सगळे ग्राहक एकाच वेळी बाहेरगावी बोलत नाहीत, या भरवशावर कुठलंही एक्स्चेंज चालतं. कारखान्यातला ईपीएबीएक्सही तसाच: बाहेरच्या लाइनी दोन-तीन, टेबलं आठ-दहा. मात्र स्टोअरवाला गेटशी बोलला, म्हणून हिशेबनिसाचं बोलणं अडत नाही.

संगणकांचं नेटवर्क निराळ्या वाटेने आलं. 1973 साली अमेरिकेत झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी ईथरनेटची कल्पना मांडली आणि डेव्हिड बॉग्ज यांच्यासह ती उभी केली. एकच केबल, तिच्यावर सगळी यंत्रं. आधी कानोसा घ्यायचा, वाट मोकळी असेल तर बोलायचं. दोघं एकदम बोलले तर दोघांनीही थांबून, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करायचा. 1990 साली साध्या पिळाच्या तारांवरच्या ईथरनेटचं मानक ठरलं. प्रत्येक यंत्राची तार स्वतंत्र झाली. पण त्या जिथे एकत्र येत, त्या हबच्या पोटात जुनी सामाईक केबलच होती. एका पोर्टातून आलेलं सगळ्या पोर्टांतून बाहेर पडे. सेकंदाला 10 मेगाबिटांची वाट सगळ्यांत मिळून एकच.

ती कोंडी फोडली स्विचने. 1990च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या एका छोट्या कंपनीने सात पोर्टांचा ईथरनेट स्विच बाजारात आणला. कंपनीचं नाव ‘कल्पना’. विनोद भारद्वाज आणि लॅरी ब्लेअर हे तिचे संस्थापक. नाव भारद्वाज यांच्या पत्नीचं. 1994 साली सिस्कोने ती विकत घेतली. कोणतं यंत्र कोणत्या पोर्टावर आहे हे स्विच लक्षात ठेवतो आणि ज्याचा निरोप त्यालाच पोचवतो. त्यामुळे दोन जोड्या एकाच वेळी बोलू शकतात.

आम्ही हब काढून स्विच बसवला. वजनकाटा ते प्रिंटर आणि संगणक ते संगणक, अशा दोन वाटा वेगळ्या झाल्या. पावत्या निघू लागल्या. तरी महिनाअखेरीस सगळे एकदम सर्व्हरकडे धावत, तेव्हा भिंतीतल्या त्या एका पोर्टावर गर्दी होईच. स्विचला तिथे इलाज नव्हता. शेवटी वजनकाटा आणि प्रिंटर दुसऱ्या पोर्टावर छोट्या स्विचने वेगळे जोडले. नवं खोकं आणण्याआधी कोणतं यंत्र कुणाशी आणि कधी बोलतं, हे कागदावर मांडायला हवं होतं. ते आम्ही सर्वांत शेवटी केलं.