जुना कॉम्प्युटर ‘चालेल का?’ : एका प्रश्नाचा छोटा इतिहास

पेटची तयारी करणारे बरेच जण विचारतात, "घरी दहा-बारा वर्षांचा कॉम्प्युटर आहे. चालेल, की नवीन घेऊ?" हिंगोली, वसमत, कळमनुरीकडच्या घरात तीस-चाळीस हजार म्हणजे काही किरकोळ रक्कम नाही. पण या प्रश्नात एक शब्द गाळलेला आहे: कशासाठी?

मुंबईच्या टीआयएफआरमध्ये 1960 साली टिफ्रॅक हा कॉम्प्युटर सुरू झाला. त्याची मेमरी 2048 शब्दांची, एकेक शब्द 40 बिटांचा. गुणाकार करून बघा, जेमतेम 10 केबी होते. आज मोबाईलचा एक फोटोसुद्धा त्यात मावणार नाही. तरी शास्त्रज्ञांची गणितं त्यावर सुटत होती, कारण काम आकड्यांचं होतं.

पुढे पीसी आले, तेव्हा अडचण वेगळीच निघाली. हिशेब जमायचा, देवनागरी जमायची नाही. त्यासाठी पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड मशीनमध्ये बसवावं लागे. म्हणजे इंग्रजीसाठी पुरेसं असलेलं यंत्र मराठीसाठी अपुरं होतं.

2001 मध्ये एमएस-सीआयटी सुरू झाला आणि तालुक्याच्या पोरांनी माउस हातात धरला. त्याच वर्षी आलेल्या विंडोज एक्सपीला किमान 64 एमबी रॅम लागायची. 2021 च्या विंडोज 11 ला किमान 4 जीबी लागते. सरळ 64 पट. आता सांगा, आपला अर्ज 64 पट लांब झाला का? टायपिंग आणि हिशेब तेवढाच राहिला, वाढली ती सॉफ्टवेअरची मागणी.

मग अडतं कुठे? एक, ब्राउझर. आजची वेबसाइट स्वतःच एक प्रोग्राम असते, दहा टॅब उघडले की रॅम संपते. दोन, व्हिडिओ. नव्या पद्धतीने दाबून लहान केलेला व्हिडिओ उलगडणारी सोय जुन्या चिपमध्ये नसते. सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि पंखा घरघरतो. तीन, सुरक्षा. विंडोज 10 चे नेहमीचे मोफत अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले, आणि 2017 च्या आधीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज 11 च्या यादीत नाहीत. मशीन धडधाकट असूनही बाद! अशा वेळी एसएसडी, थोडी जास्त रॅम आणि हलकं लिनक्स टाकलं, तर लेखन, पीडीएफ वाचन, छोटं डेटा-विश्लेषण आरामात होतं.

आपल्या औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभी राहणार आहे. अमेरिकेतल्या लायगोचा डेटा 2005 पासून 'आइन्स्टाइन ॲट होम' प्रकल्पात लोकांच्या घरच्या कॉम्प्युटरवर तपासला जातो. 2010 मध्ये याच प्रकल्पाने अरेसिबो दुर्बिणीच्या डेटातून एक नवा पल्सार शोधला. काम अवाढव्य होतं, पण तुकडे केल्यावर घरगुती मशीनही पुरलं.

म्हणून खरेदीआधी महिनाभर आपलं काम लिहून काढा: कोणतं सॉफ्टवेअर, केवढा डेटा, कुठे अडलं. 'पुरेसं' हे माप यंत्राचं नाही, कामाचं आहे. संशोधनाचा प्रश्नही असाच मांडायचा असतो.