खासगीची पहिली स्वामिनी : गौतमाबाई होळकर

काशीविश्वनाथाच्या दर्शनास गेलेला यात्रेकरू पुण्यश्लोक अहिल्याबाईंचे नाव हात जोडून घेतो. इंदूरकरांच्या तर ते नित्य मुखी असते. परंतु त्या दानशील सुनेने जे द्रव्य धर्मकार्यी वेचले, ते प्रथम ज्या सासूच्या नावे पडले, त्या गौतमाबाईंचे स्मरण क्वचितच होते. मठाच्या या स्मरणग्रंथात त्यांच्याविषयी चार शब्द लिहावेत, असे म्हणूनच मनात आले.

गौतमाबाई या खानदेशातील तळोद्याच्या भोजराज बारगळ यांच्या कन्या. मल्हारराव त्यांचे आतेभाऊ. वडिलांचे छत्र बालपणीच हरपल्यामुळे मातेने मल्हाररावांना होळ गावाहून आपल्या भावाच्या घरी आणले. मेंढरे राखणारा तो भाचा पुढे मामाच्या पथकात घोड्यावर बसला आणि मामाने त्याला आपली लेक दिली. माळवा, इंदूर, सुभेदारी यांपैकी काहीही दृष्टीच्या टप्प्यात नसताना हा संसार मांडला गेला, ही गोष्ट ध्यानी ठेवण्याजोगी आहे. १७२३ साली त्यांच्या पोटी खंडेराव जन्मास आले. पुढे मल्हाररावांनी आणखी विवाह केले. तथापि घरातील ज्येष्ठ पत्नीचे स्थान गौतमाबाईंचेच राहिले.

१७३४ च्या जानेवारीत बाजीराव पेशव्यांनी मल्हाररावांच्या विनंतीवरून गौतमाबाईंच्या नावे निराळी जहागीर करून दिली. तीत महेश्वरासह माळव्यातील काही महाल आणि दक्षिणेतील काही गावे होती. वार्षिक उत्पन्न २,९९,०१० रुपये. हीच होळकरांची ‘खासगी’. सरंजाम असे तो फौजेच्या पोषणासाठी. चाकरी चालू तोवर तो चालू. शिपायांचे पगार तुंबले की त्यातून घरी काय उरेल याचा भरवसा नाही. खासगीस ती झळ लागू नये, अशी ही योजना होती. आपले आयुष्य घोड्याच्या पाठीवर आहे, हे जाणणाऱ्या पुरुषाने पत्नीसाठी केलेली ही तरतूद होय असे मला वाटते. मात्र ती केवळ पोटगी नव्हे. महालांचा वसूल, कमावीसदार, जमाखर्च हे सारे तिच्यासोबत आले. एवढा व्याप ज्या स्त्रीच्या हाती सोपविला, तिच्या कर्तृत्वाविषयी आणखी पुरावा कशाला शोधावा?

शास्त्राभ्यासी मनुष्यास येथे स्त्रीधनाची आठवण होते. मनूने त्याचे सहा प्रकार सांगितले. याज्ञवल्क्याच्या वचनातील ‘आद्य’ या एका शब्दावरून विज्ञानेश्वराने मिताक्षरेत वारसा, खरेदी, वाटणी यांनी आलेले द्रव्यही त्यात घेतले. परंतु स्त्रीधनावर पहिला हक्क लेकीचा. खासगी मात्र सासूकडून सुनेकडे गेली. हा भेद किरकोळ नव्हे. लेकीबरोबर ती परघरी गेली असती आणि पिढीगणिक वाटली गेली असती. सुनेकडे गेल्याने ती व्यक्तीशी न राहता स्थानाशी बांधली गेली. मठाचे द्रव्य गादीशी बांधलेले असते, तसेच हे.

खासगी मिळाली त्याच्या आदल्याच वर्षी, १७३३ मध्ये, चौंडीच्या माणकोजी शिंद्यांची आठ वर्षांची कन्या अहिल्या सून म्हणून घरात आली होती. सासूच्या हाताखाली ती संसार आणि हिशेब शिकली, असे परंपरा सांगते, आणि त्यात अविश्वसनीय असे काही नाही. पुढे १७५४ च्या मार्चमध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव तोफेच्या गोळ्याने पडले. एकुलता पुत्र गेला. सून सती जाण्यास निघाली, तिला मल्हाररावांनी विनवून मागे फिरविले. गौतमाबाईंनी तो पुत्रशोक सात वर्षे वाहिला. १७६१ साली, पानिपताच्याच वर्षी, त्यांचा अंत झाला आणि खासगी अहिल्याबाईंकडे आली.

१७६६ साली सासरे गेले, १७६७ साली पुत्र मालेराव गेले. राज्यकारभार अहिल्याबाईंवर आणि फौज तुकोजीरावांकडे, अशी वाटणी झाली. मोहिमांना पैशाची तंगी नित्याचीच. खासगी निराळी नसती, तर तेही द्रव्य तोफांच्या तोंडी गेले असते, हे उघड आहे. बाईंनी खासगीवर तुळशीपत्र ठेवले, ही कथा सर्वश्रुत आहे. त्या द्रव्यातून १७८० च्या सुमारास काशीविश्वनाथाचे मंदिर उभे राहिले, गयेस विष्णुपद, महेश्वरी घाट, शिवाय ठिकठिकाणी अन्नछत्रे आणि धर्मशाळा. जॉन माल्कम हा इंग्रज अधिकारी; त्याने १८२३ च्या आपल्या ग्रंथात नोंदविले आहे की उन्हाळ्यात वाटसरूंना पाणी दिले जाई, नांगराच्या बैलांना शेतात जाऊन पाणी पाजले जाई आणि पाखरांसाठी उभी शेते विकत घेऊन सोडली जात. परक्याच्या लेखणीतून आलेली ही साक्ष मला फार मोलाची वाटते.

१९४८ साली होळकर संस्थान मध्य भारतात विलीन झाले, तेव्हा खासगीचे उत्पन्न सरकारजमा होऊन तिच्या धर्मादायासाठी दरसाल २,९१,९५२ रुपये कायमचे देण्याचे ठरले. दोनशे चौदा वर्षांनंतरचा हा आकडा गौतमाबाईंच्या आकड्याशेजारी ठेवून पाहावा. रुपयाचे मोल मात्र तेच राहिले नव्हते. १९६२ साली या धर्मादायांचा न्यास झाला. पुढे मिळकतींच्या विक्रीवरून वाद न्यायालयात गेला आणि २१ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा न्यास सार्वजनिक ठरवून मध्य प्रदेशाच्या १९५१ च्या कायद्याखाली त्याची नोंदणी करावयास सांगितली. वाद ज्या मिळकतींचा होता, त्यांत हरिद्वारचा कुशावर्त घाटही होता.