काठी बदलली, स्विंग बदलला

गुजरातेतल्या पलसाण्याच्या आसपास ऊसतोड सुरू झाली की खानदेशातून, डांगातून आलेल्या टोळ्या फडात उतरतात. मुरलेल्या तोड्याचा हात नीट पाहावा. आधी खांदा फिरतो, मग दंड खाली येतो. मनगट मात्र दुमडलेलंच असतं. पातं बुंध्याशी पोचायच्या बेतात असताना ते सुटतं आणि ऊस आडवा होतो. चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सीसारख्या गोल्फ क्लबांत माणसं शिकवणीची फी भरून हेच उशिरा सुटणारं मनगट शिकायला धडपडतात.

गोल्फ आपल्याकडे नवा नाही. कलकत्त्याचा क्लब 1829 चा, मुंबईचा 1842 चा. पण तेव्हा साहेबाने सोबत आणलेला स्विंग आज टीव्हीवर दिसतो तो नव्हे. ‘बरोबर स्विंग’ म्हणून जे आपल्याला शिकवतात, ते त्या त्या काळच्या चेंडूचं आणि काठीचं अपत्य असतं.

आधी चेंडू. कातड्याच्या पिशवीत उकडलेली पिसं ठासून भरलेला ‘फेदरी’ महाग असे, भिजला की जड होई आणि चुकीचा फटका बसला की उसवे. त्याला जपूनच मारावं लागे. 1848 च्या सुमारास गटापर्चा या मलायातल्या झाडाच्या चिकाचा चेंडू आला. स्कॉटलंडच्या सेंट अँड्रूजमध्ये पूर्वेकडून विष्णूची एक मूर्ती पोचली, तिच्याभोवतीच्या गटापर्चाच्या वेष्टनातून पहिला चेंडू वळला गेला, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, चेंडू स्वस्त आणि टणक झाला. शिवाय खरचटलेला चेंडू नव्या गुळगुळीत चेंडूपेक्षा सरळ उडतो, हे खेळणाऱ्यांच्या लक्षात आलं. आजच्या चेंडूवरच्या खळग्यांचं मूळ त्यात आहे.

तो उडतो कसा, हे शोधलं एडिंबरोच्या पीटर टेट या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने, 1890 च्या दशकात. त्यांचा मुलगा फ्रेडी 1896 आणि 1898 चा ब्रिटिश हौशी विजेता. चेंडूला कुठलीही फिरकी लागणं म्हणजे दोष, असं तोवर गोल्फर मानत. टेट यांनी दाखवलं की उलटी फिरकीच चेंडूला हवेत तोलून धरते.

मग काठी, आणि खरी गंमत इथे आहे. हिकरीच्या लाकडाचा शाफ्ट, म्हणजे काठीचा दांडा, फटक्यात नुसता वाकत नसे, पिळवटतही असे. क्लबचं, म्हणजे या काठीचं, तोंड वेळेवर चेंडूसमोर आणायचं तर हातांची, मनगटांची कसरत करावी लागे. म्हणून जुना स्विंग सपाट, अंगाभोवती गुंडाळल्यासारखा होता. हॅरी वॉर्डन यांनी तो जरा उभा आणि आटोपशीर केला. त्यांच्या नावाने चालणारी ग्रिप, उजवी करंगळी डाव्या तर्जनीवर टेकवण्याची, त्यांच्या आधी जॉनी लेडले वापरत असत. नाव मात्र सहा वेळा ब्रिटिश ओपन जिंकणाऱ्या वॉर्डन यांचं झालं. बॉबी जोन्स यांनी 1930 मध्ये चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या त्या हिकरीनेच. त्याआधीच, 1929 मध्ये, ब्रिटनमध्ये पोलादी शाफ्टला मान्यता मिळाली होती. पोलाद पिळवटत नाही, त्यामुळे हातांची करामत कमी झाली आणि जोर पाय, कंबर, पाठ यांच्याकडे गेला. बायरन नेल्सन यांनी हा नवा स्विंग घडवला. बेन होगन यांनी 1957 च्या पुस्तकात तो चित्रांसह मांडला, आणि पुढच्या कितीतरी शिक्षकांची ती पोथीच झाली.

यामागचं यंत्रशास्त्र नीट पुढे आलं 1968 मध्ये, कॉक्रन आणि स्टॉब्स यांच्या पुस्तकातून. त्यांनी स्विंगची कल्पना दोन जोडलेल्या लंबकांसारखी केली: खांद्यापासून हातापर्यंत एक, मनगटापासून क्लबच्या टोकापर्यंत दुसरा. पहिला मंदावतो तेव्हा त्याची गती दुसऱ्यात उतरते. मनगट मुद्दाम लवकर सोडलं तर ही देवघेव चेंडूपर्यंत पोचायच्या आधीच उरकते आणि फटका पोकळ जातो. पट्टीच्या व्यावसायिकाच्या क्लबचं टोक ताशी 180 किलोमीटरच्या आसपास वेगाने येतं आणि चेंडूला सुमारे अर्धा मिलिसेकंदच टेकतं. तेवढ्यात हात काहीही दुरुस्त करू शकत नाहीत. फटका लागताना क्लब ‘वळवा’ म्हणणारे गुरुजी अशक्य ते सांगत असतात.

डोळ्यांनी एक फसवणूक त्यानंतरही चालू ठेवली. चेंडू स्विंगच्या दिशेने निघतो आणि क्लबच्या तोंडाच्या दिशेने वळतो, असं कितीतरी वर्षं शिकवलं गेलं. 2003 नंतर ट्रॅकमॅनसारखी रडार यंत्रं मैदानावर आली आणि सगळ्यांना आकडेच दिसू लागले: चेंडू निघतो तो मुख्यतः तोंड जिकडे असेल तिकडे, तोंड आणि स्विंगची दिशा यांत जितकं अंतर, तितका तो वळतो. भौतिकशास्त्राला हे आधीच ठाऊक होतं. शिक्षकांनी ऐकलं नाही, कारण मोठमोठे विजेते स्वतःच्या फटक्याचं वर्णन उलटं करत आले होते. करणाऱ्याला आपण काय करतो ते सांगता येतंच असं नाही.

टोकियो ऑलिम्पिकमध्ये खेळलेला पुण्याचा उदयन माने असो वा रविवारी रेंजवर घाम गाळणारा हौशी खेळाडू, चेंडूला नियम तोच. तेव्हा तुमचा चेंडू उजवीकडेच निघत असेल, तर डोकं खाली ठेवण्याचा उपदेश बाजूला ठेवा आणि आधी क्लबचं तोंड कुठे बघतंय ते तपासा.