नव्या फिशटँकमधले मासे आठवडाभरात का मरतात? पहिली टाकी लावताना हे माहीत हवं

रविवारी दुकानातून काचेची टाकी, रंगीत खडी, प्लास्टिकची झाडं आणि सात-आठ मासे एकदमच घरी येतात. मुलं खूश असतात. बुधवारी एक मासा तळाशी बसून राहतो, गुरुवारी दुसरा पाण्यावर तरंगताना दिसतो आणि पुढच्या रविवारपर्यंत टाकी रिकामी झालेली असते. 'दुकानदारानेच आजारी मासे दिले' असं घरचे म्हणतात. पण बऱ्याचदा कारण वेगळं असतं. पाणी दिसायला स्वच्छ असलं तरी मासे ठेवण्यासाठी ते अजून तयार झालेलं नसतं.

पाणी 'तयार होणं' म्हणजे काय?

माशांची विष्ठा आणि उरलेलं खाद्य यांपासून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो माशांचे कल्ले जाळतो. जुन्या टाकीत काही उपयोगी जिवाणू या अमोनियाचं नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच असतं, त्यामुळे माशांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता कमी होते. मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. ते बरंच कमी घातक असतं आणि पाणी बदललं की कमी होतं. यालाच नायट्रोजन चक्र म्हणतात.

हे जिवाणू मुख्यतः फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर राहतात. नव्या टाकीत ते पुरेसे नसतात. त्यांची वाढ व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

टाकी किती मोठी घ्यावी?

लहान टाकी सांभाळायला सोपी, हा गैरसमज आहे. पाणी कमी असलं की अमोनिया आणि तापमान झपाट्याने वाढतं. सुरुवातीला 2 फूट लांब, 1 फूट रुंद आणि 1 फूट उंच टाकी चांगली. तिच्यात सुमारे 55 लिटर पाणी मावतं, म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन 55 किलो. काच आणि खडी धरून हे वजन आणखी वाढतं, त्यामुळे टेबल भक्कम आणि सपाट हवं. खिडकीतलं थेट ऊन टाळावं, नाहीतर काचेवर हिरवं शेवाळ धरतं. दिवा रोज 6 ते 8 तास पुरेसा होतो.

मासे आणण्याआधी काय करायचं?

1. खडी साध्या पाण्याने धुवावी. साबण अजिबात वापरू नये.
2. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. ते मासे आणि जिवाणू दोघांनाही मारक ठरतं. दुकानात मिळणारं अँटी-क्लोरीन बाटलीवरच्या प्रमाणात घालावं.
3. फिल्टर चालू करावा आणि तो 24 तास चालू ठेवावा. वीज वाचवायला अनेक घरांत तो रात्री बंद केला जातो, पण त्यामुळे ऑक्सिजन कमी होतो आणि जिवाणूही मरतात.
4. रोज चिमूटभर माशांचं खाद्य पाण्यात टाकावं. ते कुजून अमोनिया होतो आणि जिवाणूंची वाढ सुरू होते. ओळखीच्या कुणाच्या निरोगी टाकीतला वापरलेला स्पंज मिळाला तर हे काम लवकर होतं.
5. टेस्ट किटने पाणी तपासत राहावं. खाद्य टाकत असूनही अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येऊ लागले आणि नायट्रेट दिसू लागलं, की टाकी तयार झाली.

विजेची वायर प्लगपर्यंत नेताना मध्ये थोडी खाली लोंबती ठेवावी. वायरवरून ओघळणारं पाणी मग प्लगमध्ये न जाता खाली पडतं.

कोणते मासे निवडावेत?

गप्पी आणि झेब्रा डॅनिओ हे नवशिक्यांसाठी चांगले. बोअरच्या जड पाण्यात गप्पी सहसा चांगले रमतात. नर-मादी एकत्र ठेवल्यास मात्र पिल्लं भराभर वाढतात. झेब्रा डॅनिओ हा भारतातल्या ओढ्या-नद्यांमध्येही आढळणारा काटक मासा आहे. तो किमान सहाच्या थव्यात ठेवावा.

गोलाकार भांड्यातला गोल्डफिश सिनेमात छान दिसतो. प्रत्यक्षात गोल्डफिश मोठा होतो, घाण खूप करतो आणि नीट सांभाळला तर दहा वर्षांहून जास्त जगतो. वर सांगितलेली टाकीही त्याला पुढे अपुरी पडते. बेटा म्हणजेच फायटर मासा हवेतूनही श्वास घेऊ शकतो, म्हणून तो काचेच्या छोट्या बरणीत विकला जातो. पण बरणी हे त्याचं घर नव्हे. दोन नर एकत्र ठेवले तर ते एकमेकांना जखमी करतात.

सगळे मासे एकदम आणू नयेत, एका वेळी एकाच जातीचे थोडे आणावेत. पिशवी 15-20 मिनिटं टाकीत तरंगत ठेवावी, तिच्यात टाकीतलं पाणी थोडं थोडं मिसळावं आणि मग मासे जाळीने सोडावेत. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नये.

रोजची काळजी

दोन मिनिटांत संपेल एवढंच खाद्य दिवसातून एक-दोनदा द्यावं. मासे काच चाटत मागे लागले म्हणून पुन्हा खाद्य टाकू नये. दर आठवड्याला 20 ते 25 टक्के पाणी बदलावं. सगळं पाणी काढून टाकी घासणं आणि स्पंज नळाखाली धुणं ही सर्वात महागात पडणारी चूक आहे, कारण त्यात जिवाणूच नष्ट होतात. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. वारंवार लाइट जात असेल तर बॅटरीवर चालणारा एअर पंप घेऊन ठेवावा.

छंद सोडायचा असेल तर?

मासे तलावात किंवा नदीत सोडणं हे पुण्याचं काम वाटतं, पण त्याने नुकसानच होतं. काच साफ करतो म्हणून विकला जाणारा परदेशी सकर मासा असाच भारतातल्या अनेक नद्या-तलावांत पसरला आहे. तो स्थानिक माशांच्या अन्नात आणि जागेत वाटेकरी होतो आणि कोळ्यांची जाळी फाडतो. नको असलेले मासे दुकानदाराला परत द्यावेत किंवा मासे पाळणाऱ्या दुसऱ्या कुणाकडे सोपवावेत.