मोकळ्या रानाचं गाणं आणि दहा मैलांवरचं कुंपण

आपल्याकडे वेस्टर्न म्हटलं की क्लिंट ईस्टवूडचा चिरूट आठवतो, 'मॅकेनाज गोल्ड' आठवतो, फिल्म सोसायटीत जाणाऱ्यांना जॉन फोर्ड आठवतो. या सगळ्यांतला काउबॉय मोजकं बोलतो आणि गाण्याच्या वाटेला जात नाही. पण १९३५ ते १९४५ या काळात अमेरिकेतल्या लहान गावांच्या थिएटरांत जो काउबॉय धो धो चालत होता, तो दर दहा मिनिटांनी गिटार काढायचा. पांढरी हॅट, भरतकाम केलेला शर्ट, आणि मारामारीतही न मोडणारी इस्त्री. गुंडाला ठोसे लगावून झाले की धाप न लागता गाणं सुरू. हिंदी-मराठी सिनेमावर वाढलेल्या माणसाला यात काही वावगं वाटायचं कारण नाही.

गेली काही वर्षं मी हे चित्रपट मिळतील तसे बघतो आहे. बहुतेक तासाभराचे. कथानकं एकमेकांची सख्खी भावंडं वाटावीत अशी. एका चित्रपटातला खडक पुढच्या चित्रपटात नाव बदलून भेटतो, खलनायक तर नावही बदलायची तसदी घेत नाही. तरी बघत राहिलो, कारण भरपूर पैसा आणि वेळ असलेल्या निर्मात्याला आपला काळ पडद्याआड ढकलता येतो. घाईत आणि स्वस्तात काम उरकणाऱ्याला ते जमत नाही. जे हाताशी असेल ते तो चौकटीत घेतो. आणि मग हाताशी असूनही काय घेतलं गेलं नाही, हेही दिसू लागतं.

या धंद्याचं मोठं दुकान म्हणजे रिपब्लिक पिक्चर्स. हर्बर्ट येट्स हा गृहस्थ फिल्म धुऊन प्रिंटा काढणाऱ्या प्रयोगशाळेचा मालक. हॉलिवूडमधल्या 'पॉव्हर्टी रो'वरच्या, म्हणजे आपल्या भाषेत कंगाल आळीतल्या, लहान निर्मात्यांकडे त्याची उधारी थकली होती. १९३५ साली त्यानं त्यांतल्या काहींची मोट बांधून रिपब्लिक उभी केली. सनसेट आणि गॉवर या रस्त्यांच्या नाक्यावर काउबॉयचे कपडे घालून दिवसाच्या रोजीची वाट बघणारे एक्स्ट्रा उभे असायचे. त्या नाक्याचं नावच 'गॉवर गल्च' पडलं होतं. चित्रपट आठवड्या-दोन आठवड्यांत उरकायचे आणि वर्षभराची मालिका थिएटरवाल्यांना एकगठ्ठा विकायची, असा हिशेब.

त्या मालिकांमधला पहिला मोठा तारा जीन ऑट्री. हा टेक्ससमध्ये जन्मलेला, पण सिनेमात यायच्या आधी ओक्लाहोमात रेल्वेचा तारबाबू होता आणि रेडिओवर गायचा. त्याचा वारसदार रॉय रॉजर्स. त्याचं खरं नाव लिओनार्ड स्लाय. जन्म ओहायोतल्या सिनसिनाटी शहरातला. तिथे त्यानं वडिलांबरोबर बुटांच्या कारखान्यात काम केलं. मंदीत कॅलिफोर्नियाला आल्यावर स्थलांतरित मजुरांच्या छावण्यांत राहून त्यानं बागांमध्ये पीच तोडले. त्याच्या 'सन्स ऑफ द पायोनियर्स' या गायकचमूतला बॉब नोलन कॅनडात जन्मलेला. काउबॉय-गाण्यांमध्ये अढळपदी बसलेलं 'टम्बलिंग टम्बलवीड्स' हे गाणं त्याचं, आणि ते लिहिलं तेव्हा तो लॉस एंजेलिसमध्ये गोल्फच्या मैदानावर लोकांच्या पिशव्या वाहत होता. म्हणजे मोकळ्या रानाची गाणी रचणारे आणि गाणारे हे लोक गुरं वळणारे नव्हते. मंदीनं घराबाहेर काढलेले कष्टकरी होते. त्यांच्या आवाजात कधीकधी जी खरीखुरी हुरहुर ऐकू येते ती मला तिथून आलेली वाटते.

ही मंदी चित्रपटांतही आली. रॉजर्सला नायकपद मिळालं ते ऑट्री पैशांवरून रिपब्लिकशी भांडून निघून गेला म्हणून. तो चित्रपट 'अंडर वेस्टर्न स्टार्स', साल १९३८. यात नायक कुणा सावकाराला गोळी घालत नाही, निवडणूक लढवतो! दुष्काळानं होरपळलेल्या शेतकऱ्यांचं पाणी एका कंपनीनं अडवलंय, म्हणून तो काँग्रेसचा सभासद होतो आणि वॉशिंग्टनच्या मान्यवरांना धुळीनं गाडलेल्या शेतांची फिल्म दाखवतो, सोबतीला 'डस्ट' हे गाणं. त्या गाण्याला ऑस्करचं नामांकन मिळालं. महाराष्ट्रातल्या कुठल्याही दुष्काळी तालुक्यातल्या माणसाला या गोष्टीचा सारांश दोन वाक्यांत कळेल.

आता हा चित्रपट जिथे चित्रित झाला ती जागा बघा. कॅलिफोर्नियाच्या पूर्व अंगाला, सिएरा नेवाडाच्या पायथ्याशी ओवेन्स खोरं आहे. त्यात लोन पाइन नावाचं गाव आणि गावाला लागून अलाबामा हिल्स या गोलसर, तांबूस खडकांच्या टेकड्या. मागे माउंट व्हिटनीचा बर्फ. वेस्टर्नवाल्यांची ही लाडकी जागा. 'गंगा दिन' (१९३९) या चित्रपटात याच टेकड्या हिंदुस्थानचा वायव्य सरहद्द प्रांत बनल्या आहेत. आणि याच खोऱ्याचं पाणी १९१३ साली लॉस एंजेलिस शहरानं कालवा काढून शेकडो किलोमीटर दूर नेलं. खोऱ्यातल्या फळबागा वाळल्या, शेतकरी उठून गेले. तेव्हा पाणी पळवणाऱ्या कंपनीविरुद्धचा चित्रपट, पाणी पळवलेल्या खोऱ्यात, पाणी पळवणाऱ्या शहरातून आलेल्या पथकानं काढला. खोऱ्याचा उल्लेख मात्र चित्रपटात नाही.

मग युद्ध आलं. १६ नोव्हेंबर १९४१ला ओक्लाहोमातल्या बर्विन या गावानं आपलं नाव बदलून 'जीन ऑट्री' असं ठेवलं. त्यानंतर तीन आठवड्यांनी पर्ल हार्बरवर हल्ला झाला. जुलै १९४२मध्ये ऑट्रीनं आपल्या रेडिओ कार्यक्रमातच सैन्यभरतीची शपथ घेतली. येट्सला हे मुळीच रुचलं नव्हतं. ऑट्री पुढे हवाई वाहतूक दलात वैमानिक झाला. याच दलाची विमानं आसामच्या धावपट्ट्यांवरून हिमालयाचा पूर्व भाग ओलांडून चीनला रसद पोचवत होती. इकडे येट्सनं सगळा पैसा आणि जाहिरात रॉजर्सच्या मागे लावली. १९४३च्या 'किंग ऑफ द काउबॉइज' या चित्रपटाचं नाव हीच त्याची पदवी झाली. चित्रपट-व्यावसायिकांच्या साप्ताहिकाच्या कौलात १९४२पर्यंत वेस्टर्न ताऱ्यांमध्ये ऑट्री पहिला होता. १९४३पासून रॉजर्स पहिला.

युद्धानं सगळ्याच स्टुडिओंचे हात बांधले. नव्या सेटसाठी एका चित्रपटाला ५००० डॉलरपेक्षा जास्त किमतीचं नवं सामान वापरायचं नाही, असा नियम आला. कच्ची फिल्म मोजून मिळू लागली. रबर आणि पेट्रोलचं रेशनिंग झालं. (आपल्याकडेही याच सुमारास सरकारनं चित्रपटाची लांबी ११,००० फुटांवर आणली, म्हणजे साधारण दोन तास.) मोठ्या स्टुडिओंना हे जड गेलं. कंगाल आळीला त्यात नवं काहीच नव्हतं. तिचा चित्रपट मुळातच साडेपाच-सहा हजार फुटांत संपायचा, लाकडी गाव आधीपासून उभं होतं, आणि घोड्याला पेट्रोल लागत नाही.

कथानकांनीही युद्ध तत्परतेनं आत घेतलं. एरवीही या चित्रपटांत काळाचं भान सैलच असायचं. घोडा, मोटार, रेडिओ आणि विमान एका चौकटीत, अगदी आपल्या वाडिया मूव्हीटोनच्या नादियापटांसारखं. त्यामुळे पिस्तूलधारी काउबॉयसमोर नाझी उभा करायला कुणाला संकोच वाटला नाही. 'किंग ऑफ द काउबॉइज'मध्ये रॉजर्स तंबूतल्या फिरत्या खेळात शिरून युद्धसाहित्याची गोदामं उडवणाऱ्या टोळीचा माग काढतो. 'टेक्सस टू बटान'मध्ये (१९४२) नायक घोडे घेऊन फिलिपीन्सपर्यंत जातात. 'काउबॉय कमांडोज'मध्ये (१९४३) खाणीवर डोळा ठेवून असलेले नाझी हेर आहेत आणि हिटलरची टर उडवणारं गाणंही. मला सगळ्यांत आवडतो तो 'ब्लॅक मार्केट रसलर्स'. मार्च १९४३च्या अखेरीस अमेरिकेत मांसाचं रेशनिंग सुरू झालं आणि त्याच वर्षी हा चित्रपट आला. गुरं चोरणारे जुनेच, आता चोरीचा माल काळ्या बाजारात जाऊ लागला, एवढाच फरक. शनिवारच्या खेळाला बसलेल्या पोराच्या घरी आई रेशनची कुपनं मोजत होती आणि पडद्यावर त्याच कुपनांची गोष्ट चालू होती. इतकी ताजी बातमी बड्या स्टुडिओंच्या कथापटांत क्वचितच सापडेल.

म्हणजे धूळ आली, पाणी आलं, रेशन आलं, हेर आले. मग कोण आलं नाही?

एक उत्तर युद्धाच्या थोडं आधीचं आहे. एकोणिसाव्या शतकातल्या खऱ्या काउबॉयांमध्ये कृष्णवर्णीय मोठ्या संख्येनं होते. रिपब्लिकच्या रानात ते नायक म्हणून दिसत नाहीत. म्हणून हर्ब जेफ्रीज या गायकानं केवळ कृष्णवर्णीय कलाकार असलेल्या गाणाऱ्या वेस्टर्नमध्ये काम केलं: 'हार्लेम ऑन द प्रेअरी' (१९३७), मग 'द ब्राँझ बकरू' (१९३९) आणि आणखी काही. चित्रणासाठी व्हिक्टरव्हिलजवळ कृष्णवर्णीय मालकाचं एक पाहुण्यांसाठीचं रँच मिळालं. हे चित्रपट मुख्यतः कृष्णवर्णीयांसाठीच्या थिएटरांत लागले. मोकळं रान होतं, पण त्यालाही वेगळी दारं होती.

दुसरं उत्तर लोन पाइनपासून साधारण दहा मैलांवर आहे. १९ फेब्रुवारी १९४२ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी काढलेल्या आदेशाच्या आधारे पश्चिम किनाऱ्यावरच्या एक लाखाहून अधिक जपानी वंशाच्या लोकांना घरांतून उठवून छावण्यांत ठेवण्यात आलं. त्यांतले जवळपास दोनतृतीयांश जन्मानं अमेरिकी नागरिक होते. यांतली मान्झानार छावणी ओवेन्स खोऱ्यात उभी राहिली, पाणी गेल्यामुळे ओस पडलेल्या एका वस्तीच्या जागी. स्पॅनिशमध्ये मान्झानार म्हणजे सफरचंदांची बाग. तिथे आता काटेरी तार, आठ पहारा-बुरूज आणि डांबरी कागद ठोकलेल्या लाकडी बराकी होत्या. ऐन भरात तिथे दहा हजारांहून अधिक माणसं होती. धूळ फटींमधून आत येई. युद्धकाळातही हॉपलाँग कॅसिडी मालिकेची पथकं अलाबामा हिल्समध्ये चित्रणाला येत होती. त्यांच्या कॅमेऱ्यात मागे जी सिएराची रांग दिसते, तीच छावणीतल्या मुलांना रोज दिसत होती. हेरांच्या गोष्टी हव्या असणाऱ्या या चित्रपटांना हेरगिरीच्या नुसत्या संशयावरून कोंडलेली ही माणसं गोष्टीत घ्यावीशी वाटली नाहीत.

याच काळात एक काउबॉय-गाणं देशभर गाजलं: 'डोन्ट फेन्स मी इन', म्हणजे मला कुंपण घालू नका. मूळ कविता मोंटानाच्या महामार्ग खात्यातल्या बॉब फ्लेचर या अभियंत्याची. १९३४मध्ये एका चित्रपटासाठी कोल पोर्टरनं ती २५० डॉलरला विकत घेऊन गाणं रचलं, पण चित्रपट बनलाच नाही. दहा वर्षं गाणं पडून राहिलं. १९४४च्या 'हॉलिवूड कँटीन'मध्ये रॉय रॉजर्सनं ते गायलं, बिंग क्रॉस्बी आणि अँड्रूज भगिनींची तबकडी तर तडाखेबंद खपली.

ते मान्झानारमध्येही वाजलं. सातव्या वर्षी छावणीत गेलेल्या जीन वाकात्सुकी ह्यूस्टन यांनी नवऱ्याबरोबर लिहिलेल्या 'फेअरवेल टू मान्झानार' (१९७३) या आठवणींत त्यांच्या भावाच्या बँडचा उल्लेख आहे. बँडचं नाव 'जाइव्ह बॉम्बर्स', आणि हे गाणं त्यांच्या कार्यक्रमातलं हुकमी. मला पहिल्यांदा वाटलं, हा निषेध. पण ह्यूस्टन तसं स्पष्ट नाकारतात. गाणं त्या वर्षी गाजत होतं आणि त्या पोरांना बाहेरच्या कुठल्याही अमेरिकी बँडसारखं वाजवायचं होतं, इतकंच.

हे 'इतकंच' मला निषेधापेक्षा जड वाटतं. निषेध असता तर गाणं त्यांनी उलटवलं असतं आणि आपण टाळ्या वाजवून मोकळे झालो असतो. त्यांनी ते सरळ घेतलं, आपलं म्हणून. हा स्वस्त, घाईत बनलेला माल ज्या मोकळ्या रानाचं आश्वासन देत होता, त्याला भुलण्याचा हक्क तारेच्या आतल्या मुलांनाही होता. आश्वासन देणाऱ्यांना ती मुलं दिसली नाहीत, एवढाच काय तो व्यवहारातला घोळ.

रिपब्लिकनं या गाण्याच्या नावाचाच चित्रपट काढला. रॉय रॉजर्स, डेल एव्हान्स, ट्रिगर घोडा, सगळे त्यात आहेत. तो ऑक्टोबर १९४५मध्ये लागला. मान्झानारमधली शेवटची माणसं बाहेर पडली ती २१ नोव्हेंबरला.