शोसोइनची उंच भूमी

इसवी सन 756 मध्ये सम्राट शोमू निवर्तल्यावर सम्राज्ञी कोम्यो हिने त्यांच्या वापरातील मौल्यवान जिन्नस रीतसर यादी करून नारा येथील तोदाइ-जी मठाच्या महाबुद्धास अर्पण केले, आणि ते ज्या कोठारात मोहोरबंद झाले ते शोसोइन, जपानच्या दमट हवेत बारा शतके लोटूनही, आजही उभे आहे. हिनोकी लाकडाच्या, सुमारे 33 मीटर लांबीच्या या इमारतीची फळ्यांची भूमी 40 भरभक्कम खांबांनी सुमारे 2.7 मीटर उंच उचलून धरली आहे. आणि ते खांबही मातीत न पुरता दगडांच्या बैठकीवर उभे केल्यामुळे, बुडातून ओल वर चढण्यास वाट राहत नाही, फळ्यांखाली वारा अहोरात्र खेळतो, आणि ओलावलेले लाकूड कुजण्यापूर्वीच वाळते.

या टिकाऊपणाचे श्रेय पुष्कळ काळ भिंतींच्या त्रिकोणी ओंडक्यांस दिले जाई. पावसाळ्यात ते फुगून फटी बुजवितात आणि कोरड्या ऋतूत आकसून वारा आत घेतात, असा समज होता. कल्पना मोठी मोहक खरी. परंतु कौलारू छपराचा अवजड भार वाहणारे ओंडके असे हालत नाहीत, हे पुढे निरीक्षणाने दिसून आले. माझ्या मते खरा मान त्या उंच भूमीचा, आणि तिच्यावर ठेवलेल्या सुगी लाकडाच्या झाकणबंद पेट्यांचा आहे. बंदोबस्तही तितकाच कडक: सम्राटाच्या आज्ञेवाचून मोहोर फोडावयाची नाही. संग्रह आता काँक्रीटच्या कोठारांत हलविला असला, तरी शरदाच्या कोरड्या हवेत तो उघडून तपासण्याचा प्रघात चालूच आहे.