तीन पायांचा साक्षीदार

डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ मध्ये परवाना घेऊन भारतात आणलेला स्पेक्ट्रम+ हा घरगुती संगणक. त्यातला एक, धुळ्यातल्या माळ्यावरून उतरवलेला, माझ्याकडे जळगावला आला.

त्याचा अडॅप्टर साधारण ९ व्होल्ट देतो. आतला ७८०५ हा तीन पायांचा रेग्युलेटर त्याचे ५ करतो. उरलेल्या ४ व्होल्टची उष्णता होते, एका अँपिअरला ४ वॅट. अडॅप्टरला स्वतःचे नियमन नाही. रात्री व्होल्टेज चढून ९ चे ११ झाले, की तीच उष्णता ६ वॅट. वर आपला मे महिना! खानदेशात टीव्हीशेजारी स्टॅबिलायझर का असे, ते इथे कळते.

मी त्या जागी स्विचिंग मॉड्यूल बनवून बसवले: एक आयसी, कॉइल, कपॅसिटर, आणि पाय त्याच क्रमाने. जास्तीचे व्होल्टेज ते जाळत बसत नाही, म्हणून गार राहते. पहिल्या मॉड्यूलने टीव्हीवर तिरक्या रेघा आणल्या. फिल्टर वाढवावा लागला.

मूळ भाग काढणे म्हणजे पुरावा पुसणे, असे काही संग्राहक म्हणतात. मला ते अर्धेच पटते. बंद यंत्र तरी काय सांगणार? जुना ७८०५ मी तारीख लिहून डबीत ठेवला आहे. बोर्डावरचा त्याचा तपकिरी डाग मात्र तसाच ठेवला.